व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर का घुमतो

उद्यमनगरात पत्रा वाकवून चेसिस करून घ्यायची आणि घरीच व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा, हेडफोन ॲम्प्लिफायर जोडायचा, असा नाद असलेल्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: हम, म्हणजे सततची घूं-घूं, येतोय. गाणं काळी एकमधलं असेल तर तो फारच छळतो. तंबोऱ्याची पंचमाची तार तेव्हा १०४ हर्ट्झच्या आसपास लागते आणि पॉवर सप्लायचा हम असतो १०० हर्ट्झचा. तार जुळवताना ऐकू येतात तशी आंदोलनं, सेकंदाला चारेक, कानात चालूच राहतात. गाण्याच्या देवल क्लबच्या गावात, कोल्हापुरात, हे कोण खपवून घेणार?

व्हॉल्व्हला हा रोग जन्मापासून नव्हता. फ्लेमिंगचा डायोड १९०४ चा, डी फॉरेस्टचा ऑडियन १९०६ चा. पुढची वीसेक वर्षं रेडिओ बॅटरीवर चालले, फिलामेंटला, म्हणजे तापणाऱ्या तारेला, एक आणि इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या प्लेटला दुसरी. सगळा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, मग घुमणार काय? रेडिओ घरच्या एसी लाइनवर आणायची धडपड सुरू झाली तेव्हा हम अवतरला. तेव्हाची फिलामेंट स्वतःच कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, होती, त्यामुळे तिच्यातला एसी थेट आवाजात उतरायचा. १९२७ मध्ये आरसीएने बाजारात आणलेल्या २२७ व्हॉल्व्हमध्ये हीटर वेगळा आणि त्यावर कॅथोडची नळी, अशी रचना होती. हम बराच उतरला, पण गेला नाही. हीटर आणि कॅथोड यांच्यामधून थोडी गळती होतच राहते. हीटरच्या तारा पिळून चेसिसच्या कोपऱ्यातून नेणं, हीटरच्या वाइंडिंगचा मधला टॅप अर्थ करणं, हीटरला काही दहा व्होल्ट वर उचलून धरणं हे सगळे उपाय त्या गळतीच्या आणि तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे लागूनच सापडले.

दुसरा हम रेक्टिफायरनंतरचा, म्हणजे एसीचा डीसी केल्यावर उरणारा. आपल्याकडची लाइन ५० हर्ट्झची, फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर उरलेली लाट १०० ची. जुन्या रेडिओत स्पीकरच्या चुंबकाची कॉइलच चोकचं, म्हणजे ही लाट अडवण्याचं, काम करायची आणि उरलेला हम मारायला स्पीकरमध्ये उलट्या जोडणीची छोटी कॉइल असायची. काय डोकं चालवलंय! पुढे कायम चुंबक आले, मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर स्वस्त झाले आणि ही हुशारी मागे पडली. हे कंडेन्सर मात्र वयानुसार सुकतात आणि हम परत येतो.

जुन्या मंडळींना एक सवलत होती. आकाशवाणीचं सांगली केंद्र लावलेल्या घरगुती रेडिओचा छोटा स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवतच नसे. १९३२ साली प्रभातने कोल्हापुरात पहिला मराठी बोलपट केला. त्या काळी ध्वनिमुद्रणापासून थिएटरपर्यंत सगळा आवाज व्हॉल्व्हमधूनच जायचा, पण तिथला थोडा हम प्रेक्षकांच्या खोकण्यात बुडून जात असणार.

हेडफोनने ती सवलत काढून घेतली. १ मिलिवॉटला १०० डेसिबल देणारा ३२ ओहमचा हेडफोन धरा. त्याला १ मिलिव्होल्ट हमसुद्धा सुमारे ५५ डेसिबल होतो, म्हणजे शांत खोलीत स्पष्ट ऐकू येतो. त्यात हौशी लोकांचा लाडका ६एएस७जी. हा व्हॉल्व्ह मुळात व्होल्टेज रेग्युलेटरसाठी केलेला, गाण्यासाठी नव्हे. हीटरच अडीच अँपिअर ओढतो. त्याचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर जेमतेम २, त्यामुळे कॅथोड फॉलोअरमध्ये, म्हणजे कॅथोडवरूनच आवाज काढणाऱ्या जोडणीत, ३०० ओहमचा हेडफोन लावला तर सप्लायवरच्या लाटेचा साधारण चौथा हिस्सा कानापर्यंत येतो. माझ्या मते या सर्किटमध्ये पैसे आधी चोक आणि कंडेन्सरवर घालावेत, जुन्या दुर्मिळ व्हॉल्व्हवर नंतर.

म्हणून आधी व्हॉल्यूम शून्यावर आणून कान द्यावा. हम तसाच राहिला तर दोष व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात किंवा सप्लायमध्ये. खर्जातला ५० हर्ट्झ असेल तर हीटर, तारांची मांडणी किंवा ट्रान्सफॉर्मरची दिशा पाहावी. त्याच्या वरच्या सप्तकातला १०० असेल तर चोक-कंडेन्सरचा फिल्टर. कॉम्प्युटरची केबल काढल्यावरच थांबत असेल तर तो अर्थ लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थ तारांमधून फिरणारा प्रवाह, आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून दोन्ही उपकरणं चालवली की बऱ्याचदा तो कमी होतो. प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. आत दोन-अडीचशे व्होल्ट डीसी असतो आणि ती चेसिस आपण हाताने धरतो.