घड्याळाला लटकलेला कोण आणि खिडकीमुळे वाचलेला कोण?

उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला माणूस. हा फोटो कुठे ना कुठे पाहिलेला असतोच. नाव मात्र बरेचदा बस्टर कीटनचं सांगितलं जातं. (काही जण तर तोही चॅप्लिनच्याच खात्यावर जमा करतात!) तो हॅरल्ड लॉइड, कीटन आणि चॅप्लिनसारखाच मूकपटांच्या काळातला विनोदी नट. चित्रपट 'सेफ्टी लास्ट!', साल १९२३.

कीटनचा गाजलेला प्रसंग १९२८च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मधला. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो नेमका पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे वाचतो.

गोल चष्मा (त्यात काचा नसायच्या) दिसला की लॉइड. चपटी हॅट आणि न हसणारा चेहरा दिसला की कीटन. एवढ्यावर ओळख पटते, पण खरी गंमत पुढे आहे. इमारत चढताना लॉइड घाबरतो. कबुतरं अंगावर येतात, विजारीत उंदीर शिरतो, दर मजल्यावर नवी आफत. त्याच्याबरोबर आपल्यालाही घाम फुटतो आणि त्या भीतीतूनच हसू येतं. कीटन घाबरतच नाही. लहानपणी रंगमंचावर वडील त्याला उचलून फेकायचे. तेव्हाच त्याला कळलं होतं, की आपण हसलो नाही तर लोक जास्त हसतात.

लॉइडच्या दृश्यात कॅमेऱ्याची करामत होती. इमारतीचा देखावा खऱ्या इमारतीच्या गच्चीवर उभारलेला, म्हणून मागे खरा रस्ता दिसायचा. खाली गाद्या अंथरलेल्या. लांबून दिसणारी चढाई तर बिल स्ट्रदर या दुसऱ्याच माणसाने केली. पण म्हणून लॉइडला भित्रा समजू नका. १९१९मध्ये नकली समजून हातात धरलेला बॉम्ब फुटला आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. घड्याळाला लटकलेल्या त्या हातावर खास बनवलेला हातमोजा आहे.

कीटनची भिंत मात्र खरी, सुमारे दोन टनांची. मोजमाप काही इंच चुकलं असतं तर कीटन संपला असता. मला स्वतःला हे पाहताना हसू नंतर येतं, आधी पोटात गोळा येतो. १९२४च्या 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये पाण्याच्या टाकीतला लोंढा अंगावर येऊन त्याची मान रुळावर आपटली. तो उठला आणि पळत सुटला. पडद्यावर तसंच दिसतं. मानेचं हाड मोडलं होतं हे कळलं कित्येक वर्षांनी, डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा.