स्टन गन: आधी हत्यार, मग नियम

विजेचा झटका देणारी स्टन गन पोलिसांनी कधी चालवावी, याचे आजचे बहुतेक नियम ते हत्यार हजारो कमरपट्ट्यांवर चढल्यानंतर आले, आणि तेही एकेका मृत्यूनंतर किंवा खटल्यानंतर. या उशिराचे मूळ काडतुसातल्या एका बदलात आहे.

जॅक कव्हर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात टेझर नावाचे हे हत्यार तयार केले, तेव्हा त्याचे तारांना जोडलेले काटे बंदुकीच्या दारूने उडत. दारू आली की बंदुकीचा कायदा आलाच. अमेरिकी केंद्र सरकारने त्याची गणना बंदुकांत केली आणि धंदा तिथेच अडला. १९९३ मध्ये रिक आणि टॉम स्मिथ या भावांनी अ‍ॅरिझोनात कंपनी काढली, कव्हर यांनाच सोबत घेतले आणि दारूच्या जागी दाबाखालचा नायट्रोजन आणला. झाले, टेझर कायद्याच्या लेखी बंदूक उरले नाही. पोलिसांसाठी त्या जागी दुसरा देशव्यापी कायदा मात्र कोणी केला नाही. कुणावर, कधी आणि किती वेळ, हे एकेका पोलिस खात्यावर आणि कंपनीच्या प्रशिक्षणावर राहिले. माल विकणाऱ्यानेच तो जपून वापरायला शिकवायचा, असा हा मामला.

१९९९ चे एम२६ आणि २००३ चे एक्स२६ या मॉडेलांनी टेझर सर्वत्र पोहोचवले. बारीक तारांना जोडलेले दोन काटे अंगात किंवा कपड्यांत रुततात. दोहोंत पुरेसे अंतर पडले तर मधले स्नायू आखडतात आणि माणूस आडवा होतो. हत्यार थेट अंगाला टेकवले तर मुख्यतः वेदनाच होते. चाप एकदा ओढला की झटका पाच सेकंद चालतो. पण या मॉडेलांत चाप दाबून धरला तर पुढेही चालूच राहतो. बरेचसे नियम या शेवटच्या सोयीभोवतीच फिरतात.

विक्री झाली ती गोळीला पर्याय म्हणून. प्रत्यक्षात अनेक खात्यांनी टेझरला बळाच्या उतरंडीत मिरीच्या फवाऱ्याशेजारी बसवले. मग ज्याच्यावर कोणी गोळी झाडलीच नसती, त्यालाही झटका बसू लागला: हुज्जत घालणारा, हात पुढे न करणारा, भानावर नसलेला.

१४ ऑक्टोबर २००७ रोजी कॅनडातल्या व्हँकूवर विमानतळावर पोलंडहून आलेला एक प्रवासी कित्येक तास अडकून पडला होता. त्याला इंग्रजी येत नव्हते. चार पोलिस आले आणि काही क्षणांतच टेझर चालले, एकूण पाच वेळा. तो तिथेच मरण पावला. हे सारे एका प्रवाशाने चित्रित केले नसते तर पोलिसांचीच हकीकत खरी ठरली असती. निवृत्त न्यायाधीश थॉमस ब्रेडवुड यांच्या चौकशीनंतर इजा होत असेल किंवा लगेच होण्याची शक्यता असेल तरच टेझर, अशी मर्यादा आली.

त्याच सुमारास अमेरिकी न्यायालयांनीही भूमिका घेतली. कॅलिफोर्नियात सीटबेल्ट न लावल्याबद्दल अडवलेल्या, निःशस्त्र तरुणावर काही अंतरावरून टेझर चालवले गेले. तो तोंडावर आपटला, चार दात मोडले. नवव्या सर्किटच्या, म्हणजे देशाच्या एका न्यायिक विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने हे बळ किरकोळ नाही, त्याला तसेच सबळ कारण लागते, असे म्हटले. २०१६ मध्ये चौथ्या सर्किटने तत्काळ धोका नसताना केवळ अडून बसणाऱ्यावर टेझर वापरणे घटनाबाह्य ठरवले. दोन्ही खटल्यांत तत्त्व पुढच्यांसाठी ठरले. त्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणून पोलिस मात्र भरपाईतून सुटले.

वेळेची मर्यादा २०११ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत आली: सलग असो वा तुकड्यांत, १५ सेकंदांहून जास्त झटक्याने मृत्यूचा धोका वाढतो. कंपनीने स्वतः २००९ मध्ये छातीवर नेम धरणे टाळा, असे कळवले होते. इंग्लंडमध्ये २०१६ साली माजी फुटबॉलपटू डेलियन अ‍ॅटकिन्सनवर एका पोलिसाने सलग ३३ सेकंद टेझर चालवले आणि मग डोक्यात लाथा घातल्या. २०२१ मध्ये तो पोलिस सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरला.

टेझर पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला लावण्याचा नियम वरवर क्षुल्लक वाटतो. पण अमेरिकेत २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आणि २०२१ मध्ये मिनेसोटात टेझर समजून पिस्तूल चालवल्याचे पोलिसांनी सांगितले, आणि दोन माणसे गेली. मिनेसोटात तर टेझर विरुद्ध बाजूलाच होते.

ब्रिटनने २००३ पासून चाचणी घेत आधी फक्त सशस्त्र पथकांना आणि नंतर इतर प्रशिक्षित पोलिसांना टेझर दिले. तिथे ते नुसते उपसले किंवा नेम धरण्याचा लाल ठिपका अंगावर रोखला तरी 'वापर' म्हणून नोंद करावी लागते. त्या नोंदींतल्या बहुतांश वेळा काटे सुटलेलेच नसतात. फक्त सुटलेले काटे मोजणाऱ्या खात्याला हे कधीच कळत नाही.