रजोनिवृत्तिकाळातील थकवा व मेंदूधुके

मासिक पाळी कायमची थांबण्याच्या आधीची काही वर्षे आणि त्यानंतरचा काही काळ अनेक स्त्रियांना एक विशिष्ट शीण जाणवतो. रात्रभर अंथरुणात असूनही सकाळी अंग जड असते, दुपारपर्यंत त्राण संपते. त्याच्या जोडीने ओळखीचा शब्द जिभेवर येऊन अडतो, बोलता बोलता धागा सुटतो, फ्रिज उघडल्यावर काय काढायचे होते ते आठवत नाही. या बौद्धिक तक्रारींना ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. या नोंदीत त्यासाठी ‘मेंदूधुके’ हा शब्द वापरला आहे. बायका स्वतः मात्र ‘डोकंच चालत नाही’, ‘काही सुचत नाही’ असे सांगतात, आणि ते वर्णन पुरेसे अचूक आहे. हा स्वतंत्र रोग नाही. एकमेकांत गुंतलेल्या लक्षणांचा तो समूह आहे.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात, म्हणजे ती केव्हा झाली हे वर्ष उलटल्यावरच कळते. सुश्रुतसंहितेत आर्तवाचा, म्हणजे पाळीचा, काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. आजच्या पाहण्यांनुसार भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६-४७ आहे, तर युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या आसपास. त्यापूर्वीचा संक्रमणकाळ, ज्याला पेरिमेनोपॉज म्हणतात, साधारण चार वर्षांचा असतो. काहींचा त्याहून बराच लांबतो. त्यामुळे बेचाळिशीत, पाळी अजून येत असतानाच, हा शीण सुरू होऊ शकतो. ‘माझी पाळी चालू आहे, मग हे कसले?’ असे वाटून कितीतरी जणी त्याचा संबंध इतर कशाशीही लावतात.

संक्रमणकाळात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) हळूहळू उतरत जाते ही समजूत चुकीची आहे. ते हेलकावे खाते. एखाद्या महिन्यात तरुणपणापेक्षाही वर चढते, पुढच्या महिन्यात एकदम कोसळते. म्हणूनच पंचेचाळिशीनंतर एफएसएच या, बीजकोशांना चालना देणाऱ्या संप्रेरकाची एकच रक्ततपासणी करून निदान पक्के करता येत नाही. वय, पाळीतला बदल आणि लक्षणे यांवरच ते केले जाते. इस्ट्रोजेन फक्त गर्भाशयापुरते नसते. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि नियोजनाशी निगडित कपाळामागचा मेंदूचा भाग, या दोन्हींत त्याचा संदेश टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. १९९० मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी मादी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या जोडण्या त्यांच्या अवघ्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रातही वाढतात व घटतात हे दाखवले. हा रसद-पुरवठा अनियमित झाला की मेंदूचे काम जड होणे स्वाभाविक आहे.

त्यावर झोपमोडीची भर पडते. शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमधील चेतापेशी इस्ट्रोजेनच्या ओढाताणीत अतिसंवेदनशील होतात आणि अंगातून अचानक वाफा निघाल्यासारखे होऊन घाम फुटतो. रात्री हे घडले की पंखा वाढवणे, चादर फेकणे, मग थंडी वाजून ती पुन्हा ओढणे यात झोपेचे तुकडे होतात. त्वचेवर संवेदक लावून केलेल्या अभ्यासांत दोन गोष्टी पुढे आल्या. स्त्रियांना जाणवतात त्याहून अधिक वाफा प्रत्यक्षात येतात, आणि रात्रीच्या वाफा जितक्या जास्त तितकी ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता कमी दिसते. अमेरिकेतील ‘स्वान’ या दीर्घकालीन अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्या जणींना हा त्रास ७.४ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ झाला. सहा महिने कळ काढ, सगळे थांबेल, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मेंदूधुके खरे की मनाचे खेळ, या प्रश्नावरही ‘स्वान’ने प्रकाश टाकला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणात २,३६२ स्त्रियांच्या चार वर्षांतील चाचण्या तपासल्या होत्या. तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात. संक्रमणकाळातील स्त्रियांमध्ये ही वाढ अडखळली आणि पाळी गेल्यानंतर ती पुन्हा दिसू लागली. म्हणजे बुद्धी ओसरली नव्हती, शिकण्याचा वेग काही काळ मंदावला होता. घरात आणि नोकरीत स्वतःला नालायक ठरवत बसलेल्या बाईला हा निष्कर्ष कोणीतरी नीट समजावून सांगायला हवा.

मात्र ‘पाळी जातेय ना, मग असंच होणार’ हे उत्तर फार लवकर दिले जाते आणि त्याआड साधे, बरे होणारे आजार लपतात. पहिला संशय लोहाच्या कमतरतेचा घ्यावा. संक्रमणकाळात बीजनिर्मिती अनियमित झाल्याने पाळी लांबते आणि मग आठ-दहा दिवस, गुठळ्या पडत, जोरात जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मुळातच रिकामा असलेला साठा असा आणखी उपसला जातो. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो आणि तेवढ्यानेही धाप, गळाठा व विसराळूपणा येतो, म्हणून हा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी मागून घ्यावी. थायरॉइड मंदावल्याची लक्षणे तर या काळाच्या लक्षणांशी जवळपास जुळतात. शाकाहारी घरांत बी१२ कमी असणे नेहमीचे आहे, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घसरते. रक्तातील साखर, झोपेत घोरून श्वास अडणे आणि नैराश्य हेही तपासले पाहिजे. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या, लघवीची घाई थांबवणारी औषधे आणि झोपेसाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन यांनीही डोके जड होते. चालू औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी ती यासाठी.

एक आपल्याकडचा खास मुद्दा. गौरी-गणपती, सत्यनारायण किंवा लग्नकार्य आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात. चाळिशीनंतर या गोळ्यांनी आधीच विस्कटलेल्या पाळीचा अंदाज आणखी चुकतो, खरा रक्तस्राव झाकला जातो, आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका असलेल्या स्त्रीला त्या घातकही ठरू शकतात. डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत.

गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे दुखणे आणखी अबोल आहे. पाळीच नसल्याने संक्रमणाची खूण त्यांच्याकडे नसते. बीजकोशही काढले असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि लक्षणे तीव्र असतात. ते ठेवले असले तरी ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्याही होत्या. पहाटे फडात उतरून मोळ्या वाहणाऱ्या या बायकांचा थकवा कामाचा म्हणूनच मोजला जातो. चाळिशीपूर्वी बीजकोश गेलेल्या स्त्रीला, प्रतिबंधक कारण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देण्याची शिफारस आहे; हाडे आणि हृदय यांच्यासाठीही ते महत्त्वाचे असते.

संप्रेरक उपचारांविषयीची भीती जुलै २००२ पासूनची आहे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीतील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक) एकत्र देण्याचा भाग तेव्हा स्तनकर्करोग, पक्षाघात इत्यादींच्या वाढीव धोक्यामुळे थांबवला गेला. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट बातम्यांत हरवली. आजचे मत असे की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्याआधी उपचार सुरू केल्यास, निवडक स्त्रियांत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. वाफा थांबल्या की झोप सुधारते आणि झोपेपाठोपाठ डोकेही हलके होते. पण केवळ स्मरणशक्तीसाठी ही औषधे दिली जात नाहीत, तसा लाभ चाचण्यांत दिसलेला नाही. पासष्टीनंतर सुरू केलेल्या संयुक्त संप्रेरकांनी तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळला. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन आवश्यकच. स्तनाचा कर्करोग झालेला असणे, रक्तात गुठळी झालेली असणे, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असताना हा मार्ग सहसा बंद असतो. अशांसाठी व्हेन्लाफॅक्सिन, रात्रीचे गॅबापेंटिन यांसारखे संप्रेरकविरहित पर्याय आहेत. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतली जाणारी अश्वगंधाही निरुपद्रवी समजू नये. तिने थायरॉइडच्या संप्रेरकांत फरक पडू शकतो आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

झोपेसाठी गोळीपेक्षा वर्तनोपचार टिकाऊ ठरतो. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवायची. तळमळत पडण्याऐवजी उठून बाहेरच्या खोलीत बसायचे, डोळे पेंगू लागले की परतायचे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. जेवणाला लागून घेतलेला चहा तर लोहही शोषू देत नाही. त्याऐवजी उसळीवर लिंबू पिळावे. आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि प्रथिने बेताची असतात. त्यातून साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेला उपवास म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि दुपारी येणारी गुंगी त्याचीच. पिठले, मटकी, हरभरे, ताक, अंडी, मासे, जे घरात चालते ते सगळ्यांचे वाढून झाल्यावर उरलेले नव्हे, तर आधी स्वतःच्या ताटात यायला हवे. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोनदा वजन उचलण्याचा किंवा स्नायूंवर जोर देणारा व्यायाम उपयोगी पडतो. घरकामात दिवसभर पाय मोडतात हे खरे, पण त्याने स्नायूंची ताकद वाढतेच असे नाही. थकव्याच्या दिवसांत हे थोड्याने सुरू करावे, दहा मिनिटांनी.

धुक्याच्या दिवसांत मनावर भार टाकण्याऐवजी वहीवर टाकावा. अवघड काम सकाळी, एका वेळी एकच. औषधे, हप्ते, शाळेच्या तारखा यांचा हिशेब घरातल्या एकाच डोक्यात असतो, आणि ते डोके बहुधा याच बाईचे. त्यातला वाटा नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी कायमचा उचलला तर बराच फरक पडतो.

आईला किंवा आजीला स्मृतिभ्रंश झालेला पाहिलेल्या स्त्रिया या विसराळूपणाने धास्तावतात. गॅसवर दूध ठेवून विसरणे हे मेंदूधुक्यात बसते; गॅस कसा पेटवायचा तेच न कळणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, सुट्ट्या पैशांचा हिशेब न लागणे हे त्यात बसत नाही. धुक्यात तक्रार बाई स्वतः करते आणि घरच्यांना फारसे काही दिसत नाही. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा उलट घडते, म्हणून तपासणीला जाताना सोबत रोजच्या सहवासातले माणूस असावे.