सह्याद्रीतील स्वयंसेवी बचाव पथके: पार्श्वभूमी

घाटात बस कोसळली, कड्यावर कोणी अडकले किंवा धबधब्याच्या डोहात कोणी बुडाले की बातमीत एक ओळ हमखास येते: 'स्थानिक ट्रेकर्सच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात आला.' या ओळीतले ट्रेकर्स सरकारी नोकर नसतात. त्यांना मानधनही मिळत नाही. कोणी दुकान चालवते, कोणी कारखान्यात पाळीवर असते, कोणी शिक्षक असते, कोणी शेती करते.

ही पथके कोणत्याही आदेशाने स्थापन झालेली नाहीत. मुंबई-पुण्यात गिर्यारोहण संस्था सुरू झाल्या तेव्हा बचाव म्हणजे आपल्याच दोराला बांधलेल्या सोबत्याला खाली आणणे, एवढाच अर्थ होता. ऐंशीच्या दशकात सुळके आणि कडे चढणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. दरीत उतरायचे तर दोर, मेखा आणि माहिती याच पोरांकडे आहे, हे पोलिसांच्या लक्षात आले. पोलीस ठाण्यातून निरोप यायचा, पोरे निघायची. तो पायंडा आजही चालू आहे.

खरा बदल मोबाइलने केला. पूर्वी अपघात झाला की गटातला एक जण धावत खालच्या वाडीवर जायचा आणि तिथून निरोप पुढे सरकायचा. आता धारेवर रेंज मिळाली तर जखमीच्या शेजारूनच फोन येतो. गेल्या दशकभरात निरनिराळ्या गावांतली पथके एका सामाईक मदत क्रमांकाने जोडली गेली. फोन घेणाऱ्याचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. शुद्धीवर आहे का? रक्त थांबले का? किती जण आहात, पाणी किती, टॉर्च आहे का, मोबाइलची बॅटरी किती उरली? लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले जाते आणि एकच गोष्ट बजावून सांगितली जाते: आहात तिथेच थांबा. अंधारात वाट शोधायला निघालेला माणूस अडकलेल्या माणसापेक्षा सापडायला अवघड असतो. मग जवळच्या पथकाला आणि पोलिसांना एकाच वेळी कळवले जाते.

तरी पहिला पोहोचतो तो बहुधा पायथ्याचा गावकरीच. बांबूला घोंगडी किंवा चादर बांधून केलेल्या झोळीतून आजवर किती जखमी खाली आले, याची नोंद कोणाकडे नाही. पथकाचे तांत्रिक काम सुरू होते ते कड्यावर. भरवशाचा अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, पाहायचा, स्ट्रेचरसाठी एक मुख्य दोर आणि एक राखीव दोर लावायचा, स्ट्रेचर कातळाला घासू नये म्हणून त्याच्याबरोबर एकाने उतरायचे. पण सर्वात जास्त वेळ जातो तो पायवाटेवर. निसरड्या वाटेने सहा-आठ जणांनी स्ट्रेचर उचलायचे आणि दर काही मिनिटांनी खांदे बदलायचे. त्यातच आग्या मोहोळ उठले तर बचाव करणाऱ्यांचाच बचाव करायची वेळ येते.

28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा प्रवाशांपैकी फक्त एक जण वाचला. पोलादपूर आणि महाबळेश्वरच्या ट्रेकर्सनी दरीत उतरून मृतदेह वर आणले. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर जाऊ शकली नाहीत आणि ढिगारा फावड्या-कुदळींनी उपसावा लागला. एरवी शनिवार-रविवारी ही वाट चढणारी आसपासची मुले भर पावसात वर गेली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 जण बेपत्ता होते.

अशा दुर्घटनांनंतर, आणि विशेषतः 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेल्यानंतर, चर्चा येऊन थांबते ती पावसाळी बंदीवर. हा वाद जुना आहे. जिल्हाधिकारी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली धबधबे, धरणे आणि काही गडांवर मनाई करत आले. जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163 आले. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यासाठी असे आदेश अनेकदा निघाले आहेत.

प्रशासनाची अडचण खरी आहे. एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत पाच-सहा धबधबे आणि रविवारी हजारोंची गर्दी, त्यात बंदोबस्ताला माणसे मोजकीच. काही ठिकाणी बंदी हाच शहाणपणा असतो. सांदण दरीत पावसाळ्यात पाण्याचा लोंढा आला तर दोन्ही बाजूंना सरळ भिंती, सुटायला जागा नाही. ती बंद ठेवण्यावर वाद घालण्यासारखे काही नाही.

पण तालुक्यातले सगळे डोंगर एकाच आदेशात बंद केले की त्याची झळ पथकांना लागते. बंदी मोडून गेलेला गट अपघात झाल्यावर फोन करायला कचरतो. गुन्हा दाखल होईल, घरी कळेल, या भीतीने आधी स्वतःच वाट शोधतो. त्यात उजेडाचे दोन-तीन तास जातात आणि संध्याकाळी पाचला निघू शकणारे पथक रात्री नऊला निघते. पायथ्याच्या गावातल्या वाटाड्यांचा आणि घरगुती जेवण देणाऱ्यांचा हंगामही बुडतो. वाट अडवून 'आज ओढ्याला पाणी आहे, जाऊ नका' असे सांगणारी माणसे तीच असतात. बंदीच्या दिवसांत ती तिथे नसतात आणि चुकार गट मात्र आडवाटेने वर जातात. त्याऐवजी रोजची संख्या ठरवावी, पायथ्याला नोंद घ्यावी, स्थानिक वाटाड्या सक्तीचा करावा आणि पाणी वाढेल त्या दिवशी ती वाट बंद करावी. याने अपघात संपणार नाहीत. पण वर किती माणसे आहेत हे तरी खाली कोणाला ठाऊक असेल.

कायद्याची बाजू अर्धवटच राहिली आहे. रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा मदत करणाऱ्याला कायदेशीर कारवाईपासून संरक्षण देणारे कलम 134अ आले. ते वाहन अपघातापुरते आहे. कड्यावरून पडलेल्याला उचलणाऱ्याला ते लागू होत नाही. राज्याचे साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आले. त्याचा रोख सहली नेणाऱ्या आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षा यांवर आहे. कातळावर घासून काढून टाकावे लागलेले दोर आणि रात्रीच्या गाडीचे डिझेल यांचा खर्च पथकातली मुले आजही आपसात वर्गणी काढून भागवतात.