एकाच विमानात रणगाडाही आणि भरलेल्या टाक्याही?

दूरच्या देशात युद्ध पेटलं की बातम्यांमध्ये हिशोब सुरू होतो: अमेरिकेकडे दोनशेहून जास्त सी-१७ लष्करी मालवाहू विमानं, प्रत्येकाची क्षमता ७७ टन, म्हणजे अख्खं सैन्य दोन दिवसांत हवं तिथे हजर. गुणाकार बरोबर आहे, पण त्यात इंधन धरलेलंच नाही.

सी-१७ जास्तीत जास्त २६५ टन वजन घेऊन उडू शकतं. रिकामं विमानच १२८ टनांचं. उरलेल्या १३७ टनांत माल आणि इंधन दोन्ही बसवायचं. टाक्या काठोकाठ भरल्या तर इंधनच साधारण १०८ टन होतं आणि मालाला उरतात जेमतेम २९ टन. अब्राम्स रणगाडा साठ टनांच्या वरचा! तो चढवायचा तर टाक्यांचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा लागतो. जाहिरातीतला कमाल भार खरा आणि कमाल पल्लाही खरा, फक्त दोन्ही एकाच उड्डाणात मिळत नाहीत.

यातली खरी गंमत पुढे आहे. विमान तरंगत राहायचं तर पंखांना त्याच्या वजनाइतका उचल-जोर द्यावा लागतो. उचल वाढली की हवेचा अवरोधही वाढतो, म्हणून जड विमान दर किलोमीटरला जास्त इंधन पितं. म्हणजे इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं. त्यामुळे पल्ला ठरतो तो उड्डाणावेळचं वजन आणि टाक्या संपतानाचं वजन यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर. ७७ टन मालासाठी हे गुणोत्तर २६५ भागिले २०५, तर २९ टनांसाठी २६५ भागिले १५७. लॉगॅरिदम काढून पाहा, पल्ला जवळपास दुप्पट होतो.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अमेरिकेने इस्रायलला शस्त्रं पोहोचवली, तेव्हा युरोपातल्या बहुतेक मित्रदेशांनी वाटेत इंधनासाठी विमानं उतरवू दिली नाहीत. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचा लाजेस तळ मिळाला म्हणून निभावलं. त्या वेळच्या सी-१४१ मालवाहू विमानांत तेव्हा उडताना इंधन घेण्याची सोयच नव्हती. पुढे ती मुद्दाम बसवली गेली.

उतरण्याच्या तळावर एका वेळी किती विमानं उभी राहू शकतात, ही अडचण वेगळीच. एका अमेरिकन चिलखती ब्रिगेडमध्ये ऐंशीहून जास्त रणगाडे असतात आणि सी-१७ मध्ये मावतो एक. म्हणूनच १९९० मध्ये आखाती युद्धाच्या तयारीत अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न, म्हणजे छत्रीधारी डिव्हिजनचे सैनिक विमानाने सौदी अरेबियात उतरले, पण २४व्या डिव्हिजनचे रणगाडे अमेरिकेतल्या सव्हाना बंदरातून जहाजांनी गेले.