जंताच्या जीनोममध्ये दिसणारा यजमान

परजीवी म्हणजे आयते खाणारा, आणि आयते खाणाऱ्याच्या अंगी फारसे गुण असावे लागत नाहीत, हा समज जीवशास्त्रातही बराच काळ टिकून होता. पट्टकृमीला तर आतडेसुद्धा नसते. तेव्हा त्याचा जीनोम, म्हणजे पेशीतील डीएनएचा संपूर्ण संच, तोही आक्रसलेला असणार, हे ओघानेच गृहीत धरले गेले. 1998 मध्ये सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या मुक्तपणे जगणाऱ्या गोलकृमीचा जीनोम वाचून झाला. बहुपेशीय प्राण्यांतला तो पहिलाच होता, आणि त्यातील सुमारे 10 कोटी अक्षरे (डीएनएचे ए, टी, सी, जी हे घटक) व 20 हजारांच्या आसपास जनुके ही पुढच्या तुलनेसाठी मोजपट्टी ठरली. 2007 मध्ये हत्तीपाय रोगाच्या जंतांपैकी एक असलेल्या ब्रुगिया मलायीचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि 2019 पर्यंत 81 कृमींचे जीनोम एकमेकांशेजारी ठेवून पाहता आले. त्यातून दिसले ते असे, की परजीवीचा जीनोम सरसकट लहान झालेला नाही. त्यातली जनुकांची काही खाती रिकामी झाली आहेत, तर काही फुगली आहेत. रिकाम्या खात्यांवरून यजमान, म्हणजे ज्याच्या शरीरात परजीवी राहतो तो प्राणी, काय पुरवतो ते कळते, आणि फुगलेल्या खात्यांवरून तो कोठे अडवतो ते.

रिकाम्या खात्यांचे ठळक उदाहरण पट्टकृमीचे. मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल मुळापासून तयार करण्याची साखळीच त्याच्या जनुकांत शिल्लक नाही. हे पदार्थ तो यजमानाकडून उचलतो, आणि ते वाहून नेणारी प्रथिने मात्र मोठ्या प्रमाणावर बनवतो. ब्रुगियाने आणखी वेगळी सोय केली आहे. हीम हा आवश्यक रेणू स्वतः बनवण्याची पूर्ण यंत्रणा त्याच्याकडे नाही. ती त्याच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया या जीवाणूकडे आहे. म्हणूनच डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकाने हा जीवाणू मारला, की जंत आधी वांझ होतो आणि मग हळूहळू मरतो. जीवाणूवरच्या औषधाने जंत मरावा, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत समाधान देणारी वाटते.

फुगलेल्या खात्यांसाठी स्ट्राँगिलॉइडिस हा गोलकृमी पाहावा. त्याची एक पिढी यजमानाच्या आतड्यात आणि दुसरी मातीत मुक्तपणे जगू शकते. दोघींचा जीनोम एकच, फरक पडतो तो कोणती जनुके चालू आहेत यात. परजीवी मादीत जी जनुके जोमाने चालतात, त्यांत ऊतींमधील प्रथिने कापणाऱ्या अ‍ॅस्टासिन गटाच्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके पुढे आहेत, आणि नेमक्या याच जनुकांच्या प्रती या वंशात कित्येक पटींनी वाढलेल्या आढळतात. उंदराच्या आतड्यातला हेलिग्मोसोमॉइडिस तर याच्याही पुढे गेला आहे. यजमानाच्या शरीरात दाह आवरण्याचा संदेश टीजीएफ-बीटा हे प्रथिन देते. हा जंत तोच संदेश देणारे स्वतःचे प्रथिन सोडतो. त्या प्रथिनाची घडण मूळ प्रथिनाशी जुळत नाही, ते अगदी वेगळ्या कुळातले आहे, आणि तरीही ते त्याच ग्राहीवर, म्हणजे पेशीवरील संदेश घेणाऱ्या प्रथिनावर, बसते. कुलूप तेच, किल्ली दुसऱ्याच धातूची.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसणारा एक प्रकार येथे सांगितलाच पाहिजे. 1887 मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी घोड्यातील गोलकृमीचे भ्रूण पाहत होते. पेशीविभाजनाच्या पहिल्याच काही फेऱ्यांत, पुढे शरीर घडवणाऱ्या पेशींमध्ये लांब गुणसूत्रांचे तुकडे पडत. मधले लहान तुकडे दोन्ही टोकांकडे ओढले जात, तर गुणसूत्रांची जाड टोके मध्येच पडून राहत आणि विरघळून जात. अंडी व शुक्राणू देणाऱ्या पेशींची गुणसूत्रे मात्र अखंड राहत. जंताच्या प्रत्येक पिढीत हे नव्याने घडते. डुकरातील अ‍ॅस्कॅरिसमध्ये टाकून दिलेल्या भागात बराचसा डीएनए एकाच 121 अक्षरी ओळीच्या पुनरावृत्तीचा असतो, पण त्यासोबत कित्येकशे खरी जनुकेही जातात, आणि ती प्रामुख्याने प्रजननपेशींत वापरली जाणारी असतात.

यजमानाची बाजूही जनुकांत लिहिलेली आहे. एकाच वस्तीत, सारख्याच मातीत वावरणाऱ्या माणसांपैकी थोड्यांच्याच पोटात बहुतेक जंत सापडतात, आणि औषध देऊन जंत पाडल्यावरही पुढे बऱ्याचदा त्याच माणसांत ते पुन्हा वाढतात. नेपाळमधील जिरेल समाजाच्या विस्तृत वंशावळींचा अभ्यास करून 2002 मध्ये दाखवण्यात आले, की अ‍ॅस्कॅरिसच्या संख्येवर 1 आणि 13 क्रमांकांच्या गुणसूत्रांवरील भागांचा ठळक प्रभाव पडतो. शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमीच्या बाबतीत 1996 मध्येच बोट ठेवले गेले होते ते 5 क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका पट्ट्यावर, जेथे इंटरल्यूकिन 4, 5 आणि 13 या रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांची जनुके दाटीने बसलेली आहेत. जंताविरुद्धचा प्रतिसाद याच रेणूंवर चालतो. दमा आणि अ‍ॅलर्जीच्या अभ्यासांतही हाच पट्टा पुन्हा पुन्हा पुढे येतो, यात नवल नाही.

आता या झटापटीत औषध हा तिसरा पक्ष आला आहे. अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध जंताच्या बीटा-ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्याच्या पेशींचा सांगाडा मोडते. या प्रथिनातील 200 व्या जागी फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल असते, जनुकातील त्याचे सांकेतिक त्रिकूट, म्हणजे तीन अक्षरी खूण, टीटीसी. मधल्या टीच्या जागी ए आला, की तेथे टायरोसीन बसते आणि औषधाची पकड सुटते. मेंढ्यांतील हिमॉंकसमध्ये हा एका अक्षराचा बदल जगभर पसरला आहे. माणसातील चाबूककृमीतही तो आढळला आहे, आणि तो शोधण्यासाठी जंत हाती लागण्याची गरज नसते. विष्ठेतून वेगळ्या केलेल्या अंड्यांतील डीएनए त्यासाठी पुरतो.