घाट उतरताना जड ट्रकचे ब्रेक का हरतात

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली १०० मीटरच्याही खाली. म्हणजे बोरघाट उतरणारी गाडी थोड्याच किलोमीटरांत पाचशेहून जास्त मीटर खाली येते. दहा चाकी ट्रक नियमाप्रमाणे पूर्ण भरला की त्याचं एकूण वजन २८ टन होतं. एवढं वजन ५५० मीटर खाली आणताना सुमारे १५० मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या मीटरच्या भाषेत ४२ युनिट. ही ऊर्जा टायर, हवा, इंजिन आणि ब्रेक यांनी मिळून जिरवायची असते. जेवढी जिरत नाही, तेवढा गाडीचा वेग वाढतो.

घाटातल्या अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक फेल’ एवढेच दोन शब्द असतात. पण अनेकदा हवेची नळी फुटलेली नसते, पेडलही तुटलेलं नसतं. ब्रेक लागलेले असतात, तरीही गाडी थांबत नाही.

५ टक्के उतार धरू, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर खाली. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते आणि अर्ध्या मीटरहून थोडी जास्त खाली येते. २८ टनांच्या हिशेबाने हे सुमारे १५० किलोवॉट झाले. त्यातले २० किलोवॉट टायरच्या घर्षणात जातात, पाचेक किलोवॉट हवेच्या विरोधात. उरलेले १२५ किलोवॉट म्हणजे घरातले साठेक गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं आहे. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर हा सगळा ताप ब्रेकच्या ड्रमांत, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यांत शिरतो.

दहा चाकी ट्रकला तीन ॲक्सल, म्हणजे सहा ड्रम. एकेक ड्रम ४५ किलोचा धरला तर सगळं मिळून २७० किलो ओतीव लोखंड. एवढ्या लोखंडात १२५ किलोवॉट ओतले की तापमान दर सेकंदाला जवळपास १ अंशाने चढतं. वाऱ्याने थोडी उष्णता निघून जाते, पण ड्रम रिमच्या आत दडलेला असतो आणि घाटातला वेग कमी असतो, त्यामुळे वारा फारसा पोचत नाही. पाच मिनिटांत, म्हणजे साधारण सव्वातीन किलोमीटरमध्येच, ड्रम दोनशे-अडीचशे अंशांनी तापतो. उतार तिथेच संपला तर ठीक. संपला नाही तर पुढचं गणित बिघडायला लागतं.

ते दोन बाजूंनी बिघडतं. ड्रमला आतून दाबणाऱ्या शूवर घासणारी पट्टी असते, ती म्हणजे लायनर. त्यातली रेझिन (पट्टी बांधून ठेवणारा पदार्थ) जास्त तापली की तिचं विघटन होऊन वायू सुटतो, पृष्ठभाग चकचकीत होतो आणि घर्षण घटतं. दुसरं कारण भूमितीचं आहे आणि ते जास्त दगा देणारं आहे. ४१० मिलिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला की त्याचा व्यास सुमारे १.३ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे ड्रम लायनरपासून दूर सरकतो. शू आतून बाहेर दाबण्याचं काम एस आकाराचा कॅम करतो, त्याला स्लॅक ॲडजस्टर नावाची तरफ फिरवते आणि या स्लॅकला हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेक चेंबरचा दांडा ढकलतो. गॅरेजमध्ये या चेंबरला बूस्टर म्हणतात. शू एक मिलिमीटर हलवायला दांड्याला त्याच्या कित्येक पट सरकावं लागतं. टाइप ३० मापाच्या चेंबरच्या दांड्याची पूर्ण चाल सुमारे ६३ मिलिमीटर असते आणि ५१ च्या पुढे गेली की जोर झपाट्याने उतरतो. थंड गाडीतच दांडा ४५-५० पर्यंत जात असेल, तर ड्रम फुगल्यावर तो चेंबरच्या टोकाला जाऊन टेकतो. हवा पूर्ण दाबाने येत असते, तरी शू ड्रमला नीट दाबले जात नाहीत.

ड्रायव्हरच्या पायाला यातलं काहीच कळत नाही. कारच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये बिघाड झाला की पेडल खाली जातं. एअर ब्रेकचं पेडल म्हणजे फक्त एक व्हॉल्व्ह. त्याला परत ढकलणारी स्प्रिंग पेडलमध्येच असते, म्हणून चाकाकडे काहीही झालं तरी पायाखाली तोच कडकपणा लागतो. इशारा मिळतो तो जळक्या वासाचा, चाकातून निघणाऱ्या धुराचा, किंवा तेवढाच वेग कमी करायला पेडल आधीपेक्षा जास्त दाबावं लागतं याचा.

कुठल्याही बिघाडात स्प्रिंग ब्रेक गाडी थांबवेल, असा एक गैरसमज आहे. टाकीतली हवा उतरली की मागच्या चाकांच्या चेंबरमधली मोठी स्प्रिंग आपोआप सुटते आणि चाकं जॅम होतात, हे खरं आहे. ही सोय हवा गेल्यास आहे. ड्रम तापल्यावर तिचा फारसा आधार नसतो, कारण ती स्प्रिंग तोच दांडा, तोच कॅम आणि तेच लायनर वापरते. २०१५ नंतर जड गाड्यांना सक्तीच्या झालेल्या एबीएसचंही तसंच. ते चाक लॉक होऊ देत नाही. तापलेल्या ड्रमला ते काही करू शकत नाही.

आता न्यूट्रलचं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका जड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. त्या उताराची चर्चा निघाली की डिझेल वाचवायला न्यूट्रल मारण्याचा विषय निघतोच. तीव्र उतारावर हा हिशेबच चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला असेल, तर आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात डिझेलचा फवारा पूर्ण बंद होतो. चाकंच इंजिन फिरवतात. जुन्या यांत्रिक पंपाचा गव्हर्नरही (डिझेल कमी-जास्त करणारा भाग) हेच करायचा. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलवर चालू ठेवायला डिझेल लागतं, तासाला लिटर-दोन लिटर. म्हणजे घाटात गिअरमध्ये उतरणारी गाडीच कमी डिझेल पिते. अगदी सौम्य, मोकळ्या उतारावर न्यूट्रलने थोडं वाचू शकतं, पण जिथे ब्रेक दाबावा लागतो तिथे वाचवलेली ऊर्जा ड्रममध्येच जळत असते. आयडलवर हवेचा कॉम्प्रेसरही हळू फिरतो. वारंवार ब्रेक मारला तर ८ बारच्या आसपासची हवा ५ पर्यंत यायला वेळ लागत नाही. इंजिनच बंद केलं तर नवी हवाही नाही आणि पॉवर स्टिअरिंगही नाही.

हे सगळं जुनंच आहे, तरी गेल्या काही वर्षांत ट्रकची रचना आणि बाजार ज्या दिशेने गेला, त्याने उतार आणखी अवघड केला आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. पुढच्या ॲक्सलला ६ ऐवजी ७ टन, मागच्या चार टायरच्या एकेरी ॲक्सलला १०.२ ऐवजी ११.५, जोड ॲक्सलला १९ ऐवजी २१ आणि तिहेरीला २४ ऐवजी २७. त्यामुळे दहा चाकी २५ टनांवरून २८ वर गेली आणि ट्रॅक्टर-ट्रेलर ४९ वरून ५५ वर. दहा चाकीत १२ टक्के जास्त ऊर्जा, आणि ती घ्यायला ड्रम मात्र सहाच. पुढे ४२ टनांच्या चौदा चाकी आणि ४७.५ टनांच्या सोळा चाकी गाड्या बाजारात आल्या. त्यांच्यात ड्रम वाढले खरे, पण लिफ्ट ॲक्सल (गाडी रिकामी असताना वर उचलता येणारा ॲक्सल) उचलून भरलेली गाडी चालवली तर ते ड्रम कामातून जातात आणि त्यांचा भार उरलेल्यांवर येतो.

टायरही बदलले. जुन्या नायलॉन टायरचा लोळण्याचा विरोध वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास असायचा, चांगल्या रेडियलचा ०.६ टक्का. सपाट रस्त्यावर ही थेट डिझेलची बचत आहे. उतारावर हाच फरक ताशी ४० च्या वेगात सुमारे १२ किलोवॉटचा पडतो. ते आधी टायर फुकट जिरवत होते, आता ब्रेकला जिरवावे लागतात. कॅबचा आकार वाऱ्याला सोपा केला, गिअरबॉक्समधलं घर्षण कमी केलं, तरी हिशेब तोच. मायलेजसाठी केलेली प्रत्येक चांगली सुधारणा उतारावर ब्रेककडून वसूल होते.

इंजिनांची गोष्ट तर सगळ्यांत महत्त्वाची. भारतात २८ ते ४२ टनांच्या गाड्यांत ५ ते ७ लिटरची इंजिनं सर्रास असतात. युरोपात ४० टन ओढायला ११ ते १३ लिटरचं इंजिन बसवतात. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आणि कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी रचना) यांमुळे लहान इंजिनातूनही चढायला पुरेशी ताकद मिळते. पण पाय काढल्यावर गाडी मागे खेचण्याची क्षमता मुख्यतः इंजिनाच्या आकारमानावर आणि फेऱ्यांवर ठरते, टर्बोचा तिथे फारसा उपयोग नाही. म्हणून लहान इंजिन चढ चढवतं तेवढ्या सहज उतार सांभाळत नाही.

यावरचा स्वस्त उपाय एक्झॉस्ट ब्रेक. धुराच्या नळीत एक झडप बंद होते, सिलिंडरमधून बाहेर पडणारी हवा अडते आणि पिस्टनला तिच्याविरुद्ध काम करावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक जड गाड्यांत तो असतो. पण तो फेऱ्यांवर चालतो. मिनिटाला १२०० फेऱ्यांना जेमतेम, २२०० च्या आसपास खरा जोर. डिझेल वाचवायला फेऱ्यांच्या काट्याच्या हिरव्या पट्ट्यात राहायची सवय लागलेला ड्रायव्हर घाटातही वरचा गिअर ठेवतो आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू असूनही काही उपयोग होत नाही. न्यूट्रलमध्ये तर तो शून्यच. याहून जास्त ताकद दाबलेली हवा ऐन वेळी सोडून देणाऱ्या इंजिन ब्रेकमध्ये असते, आणि सगळ्यांत जास्त रिटार्डरमध्ये. हायड्रोडायनॅमिक रिटार्डरमध्ये फिरत्या आणि स्थिर पात्यांमध्ये तेल घुसळलं जातं, त्याची उष्णता रेडिएटरमधून बाहेर जाते. काही झिजत नाही, ड्रम थंड राहतात. पावसाळ्यात मात्र जपून: रिटार्डर फक्त मागच्या चालत्या चाकांना रोखतो, म्हणून रिकामी गाडी ओल्या वळणावर घसरू शकते. तिथे तो खालच्या पायरीवर ठेवावा किंवा बंद करावा.

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या महागड्या बसमध्ये रिटार्डर दिसतो, मालट्रकमध्ये क्वचित. कारण साधं आहे: त्याचं वजन तेवढा माल कमी करतं, किंमत वाढते, आणि मायलेजच्या आकड्यात तो काही भर घालत नाही. वातानुकूलित कॅबसुद्धा बाजाराने आपणहून सर्रास दिली नाही. २०२५ पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकना ती नियमानेच आणावी लागली. युरोपच्या नियमांतल्या चाचणीत जड ट्रकला ६ टक्के उतारावर ताशी ३० च्या वेगाने ६ किलोमीटर सांभाळून उतरावं लागतं, आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ७ टक्के उतार, तोही मुख्य ब्रेकला हात न लावता. ३५ टन आणि त्यावरच्या गाड्यांना भारतातही असाच नियम हवा. सह्याद्री ओलांडणारी मालवाहतूक पाहता महाराष्ट्राने तरी तो आग्रहाने मागावा.

तोवर हातातल्या गाडीने घाट नीट उतरता येतो. वर थांबून हवा पूर्ण भरू द्यावी, पावसाळ्यात टाकीतलं पाणी काढावं, प्रत्येक चाकाच्या दांड्याची चाल पाहावी. ऑटो (आपोआप जुळणारा) स्लॅक असला तरी पाहावी, कारण झिजलेल्या कॅमबुशची, म्हणजे कॅमच्या आधाराची, कसर तो भरून काढू शकत नाही. गिअर उताराआधी निवडायचा: हाच घाट भरलेल्या गाडीने ज्या गिअरमध्ये चढला असता तो, किंवा त्याच्याही एक खाली. मध्ये उतारावर वेग वाढल्यावर गिअर खाली टाकायला गेलं की तो अनेकदा पडतच नाही. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते, आणि बरेच अपघात याच क्षणी सुरू होतात. ब्रेक हलका धरून ठेवू नये. कमी दाबात सगळी चाकं सारखी धरत नाहीत. ज्या दोन चाकांचे शू आधी टेकतात तीच सगळा भार घेतात आणि जळतात. ताशी ३० ठरवलं असेल तर ३० ला पोचल्यावर तीनेक सेकंद ठामपणे दाबून २२ पर्यंत आणावं, सोडून द्यावं, पुन्हा ३० झाले की पुन्हा. वास आला तर सपाट जागी थांबून चाकांना ठोकळे लावावेत आणि अर्धा-पाऊण तास नुसतं थांबावं. लाल तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं तर ओतीव लोखंडाला तडे जातात, आणि तो ड्रम पुढच्या उतारावर फुटतो.

विजेवरचे ट्रक या प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडतात. मोटर जनरेटरचं काम करून वीज तयार करते, म्हणजे त्या ४२ युनिटमधला बराच भाग बॅटरीत परत येतो आणि ड्रम जवळपास थंड राहतात. २०२५ मध्ये केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-ट्रकसाठी ९.६ लाख रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केलं, पण त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला लागतो. घाटाच्या मार्गांवर या गाड्या टाकताना चार्जिंगची जागा विचारपूर्वक ठरवायला हवी. भरलेली बॅटरी आणखी वीज घेत नाही. लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून २८ टनांचा ट्रक खाली सोडला, तर वीज घेणारं कुणीच उरत नाही आणि सगळा ताप पुन्हा त्याच सहा ड्रमांवर येतो. घाटमाथ्यावर ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांना थांबावं आणि पूर्ण चार्जिंग खोपोलीच्या बाजूला, चढण्याआधी करावं.